आत बसून केलेली किंमत

मी आयुष्यभर लोकांच्या गाड्यांची किंमत कमी करण्याचा पगार घेतला. विमा कंपनी मला पाठवायची. कुठे झाडाला मिठी मारलेली, कुठे नाल्यात पोहायला उतरलेली गाडी असायची. शेजारी मालक घरातलं कोणी गेल्यासारखा चेहरा करून उभा असायचा, आणि मी जाऊन सांगायचो, साहेब, ही गाडी अपघाताच्या आधीसुद्धा तुम्हाला वाटते तेवढ्याची नव्हती. याला घसारा कापणं म्हणतात. वस्तू वापरली की झिजते, झिजली की स्वस्त होते. किती झिजली ते ठरवणारा माणूस मी. मालक रडायचे, ओरडायचे. एकाने तर निखळलेलं स्टिअरिंग माझ्या अंगावर फेकलं. मी ते झेललं, उलटसुलट करून बघितलं आणि त्याचाही घसारा कापला.

एकदा तर शोरूमच्या दारातच एक कोरी गाडी ठोकली गेली. पुढची चाकं रस्त्यावर, मागची अजून दुकानात. मी पुढच्या अर्ध्या गाडीला जुन्याचा भाव लावला, मागच्या अर्ध्याला नव्याचा. कंपनीने माझी पाठ थोपटली. खोटं वाटत असेल तर टकटकला विचारा. तो माझ्याइतकंच खरं बोलतो.

टकटक म्हणजे माझा नोकरीतला जोडीदार. दिसेल त्या पत्र्यावर बोटाचं पेर आपटून आवाज ऐकायचा, म्हणून हे नाव. डोळ्यांवर रुमाल बांधला तरी नुसत्या आवाजावरून तो गाडीचं वय सांगायचा. एकदा रुमाल बांधलेला असताना त्याचं पेर चुकून मालकाच्या टकलावर पडलं. वय बरोबर सांगितलं.

आम्हा दोघांना हे काम ज्या साहेबांनी शिकवलं, त्यांचा एकच नियम होता. जिची किंमत करायची तिच्यात बसायचं नाही. बाहेरून बघा, वाका, पालथे पडा, ठोका, आवाज ऐका, आकडा लिहा. मग हवं तर बसा. "एकदा का ढुंगण टेकलं," साहेब म्हणायचे, "की डोकं कामातून गेलं." मी हा नियम पाळला. इतका पाळला की हजारो गाड्या बघितल्या आणि त्यातल्या एकाही चांगल्या गाडीत बसलो नाही. घरी यायचो ते बसने.

असल्या माणसाला म्हातारपणी स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटली. हसा. मी पण हसलो असतो, पण तेव्हा माझा दात दुखत होता.

त्याच्याआधी दुखले गुडघे. गुडघ्यांच्या डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि माझ्याच सुरात मला सांगितलं, की दोन्ही बाजूंना झीज भरपूर आहे, फार तर दोन वर्षं काढाल, मग दोन्ही सांधे बदलावे लागतील. मी म्हटलं, बदला. तो म्हणाला, "बदलू, पण मग या उंचीच्या खाली बसायचं नाही." आणि त्याने हात धरून उंची दाखवली.

ती उंची मी ओळखली. कुठल्याही स्पोर्ट्स कारची बैठक त्या हाताच्या चांगली दीड वीत खाली असते. आयुष्यभर त्या गाड्यांकडे वरून बघत मी मनात म्हणत आलो होतो, की पुढे कधीतरी आपणही. त्या 'पुढे कधीतरी'चा शेवट कुठे आहे, हे त्या हाताने दाखवलं. दोन वर्षं. त्यानंतर मला गाडी कोणी फुकट दिली असती तरी तिच्यात शिरता आलं नसतं.

मग दात दुखला, आणि दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून खिडकीबाहेर मला ती दिसली. पिवळी. दोन माणसांची. छत मागे दुमडणारी. इतकी बुटकी की एक कुत्रा शेजारी उभा राहून तिच्यावरून पलीकडचा रस्ता बघत होता.

"कोमाकी गाकी?" मी विचारलं. तोंडात त्याची दोन बोटं आणि कापूस होता.

दाताचे डॉक्टर अशी भाषा रोज ऐकतात. "माझीच गाडी, काका," तो म्हणाला. तरुण माणूस, डोळ्यांखाली काळं. "विकायचीय. जुळं झालंय आम्हाला. बायको म्हणते, घरात चार माणसं आणि गाडीत दोन, तर उरलेल्या दोघांना काय टपावर बांधू? आणि टप तर दुमडतो."

त्याने माझ्या दातावर तात्पुरती कॅप बसवली. पक्की यायला वेळ होता. "तोवर चिकट खाऊ नका आणि आ वासून हसू नका," तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या धंद्यात तशी वेळच आली नाही कधी.

घरी येऊन मी बायकोसमोर विषय काढला. आमची ही एका मोठ्या इस्पितळाचं भांडार सांभाळून निवृत्त झाली. तिच्या सहीशिवाय तिथून कापसाचा बोळाही बाहेर पडला नाही. एकदा मोठ्या सर्जनने 'थोडं कापड द्या' म्हणून निरोप पाठवला, तर हिने 'थोडं म्हणजे किती हात' असा उलट निरोप पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत रोगी स्वतःच बरा होऊन चालत घरी गेला. आमची बँकेतली ठेव दोघांच्या नावावर आहे. मोडायची तर दोन सह्या लागतात. त्यातली महत्त्वाची कुठली ते सांगायला नको.

"पहिल्या वर्षांतला मोठा घसारा त्या डॉक्टरने सोसलाय," मी म्हणालो. "नवी गाडी कड्यावरून पडल्यासारखी उतरते, ही आता पायरी पायरीने उतरणार. वर्षाला अर्धा लाख धर."

"आणि चालवली तर?"

"जितकी चालवू तितकी जास्त उतरणार."

"मग चालवू नका."

"मग घ्यायची कशाला?"

"मी तेच विचारतेय," ती म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली. हिने चष्मा पुसायला घेतला की समोरच्याने नीट बसावं. "अहो, या घरात तुम्ही फ्रीजचा घसारा कापलात, पडद्यांचा कापलात. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला वर-खाली बघून म्हणालात, तीन वर्षांत पंधरा टक्के. तो अजून तुमच्यासमोर पोट आत घेऊन येतो. नवा सोफा घ्यायचा तर म्हणालात, बसलो की किंमत उतरेल. आपण सहा महिने सोफ्यासमोर खुर्च्या टाकून बसलो. आणि आता दोन माणसांची गाडी?"

"मजा येईल गं."

"किती?"

"किती म्हणजे?"

"खर्चाचा आकडा आणलात. घसाऱ्याचा आणलात. मजेचा कुठाय?"

"मजेचा आकडा नसतो."

"आकडा नसलेल्या वस्तूवर मी सही करत नाही. मजा किती ते सांगा, घसाऱ्यापेक्षा जास्त निघाली तर दोन सह्या. साडेसहा लाखांपर्यंत मोडू ठेव, खेचून खेचून सात."

यात थट्टा नव्हती, आणि नकारही नव्हता. म्हणून तर माझी पंचाईत झाली.

मी टकटककडे गेलो. तो बागेला पाणी घालत होता. मी विचारलं, "मजेची किंमत कशी काढायची रे?" त्याने पाईपचं तोंड दाबून धरलं आणि विचार केला. "ठोकून बघता येत नाही लेका ती," तो म्हणाला. "आणि घसारा किती लावणार? माझी तर सुरुवातीलाच संपते." मी दोन दिवस कागद घेऊन बसलो. मजा दरवर्षी किती झिजते? उन्हाळ्यात जास्त की हिवाळ्यात? शेजारच्यांनी वाकून बघितलं तर वाढते का? माझ्यासारख्याने आपली अख्खी विद्या पणाला लावावी आणि हाती एक शून्यसुद्धा लागू नये, हे पहिल्यांदाच घडत होतं. शेवटी ठरवलं, चालवून बघू. तिथल्या तिथे मोजू.

दवाखाना दुपारी बंद असायचा. डॉक्टर किल्ली घेऊन बाहेर आला. आता नियमाप्रमाणे मी आधी गाडी बघायला हवी होती. मी बघितलीही, उभ्याने. पण खरं बघायचं असतं ते दारांच्या खालच्या अंगाला, आणि त्यासाठी वाकावं लागतं. मी वाकायला लागलो तर गुडघ्यांतून असा आवाज आला की डॉक्टरने गाडीकडे चमकून बघितलं. त्याला वाटलं, हिचंच काही मोडलं. वाकलो असतो तर उठलो नसतो. मी स्वतःला समजावलं, आता बसू, बाकीचं नंतर बघू.

बसलो. म्हणजे एक पाय आत टाकला, मग त्या पायावर विश्वास टाकला, मग उरलेला मी स्वतःहून खाली गेलो.

त्यापुढचं काय सांगू! किल्ली फिरवली तर पाठीमागून कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि पलीकडच्या गच्चीवरचे झाडून सगळे पारवे उडाले. ते परत आलेच नाहीत, अजून तिथे पारवे नाहीत. पहिल्या वळणावर मी गाडी वळवायचा नुसता विचार केला तर ती वळून मोकळी झाली. चढावर पाय दाबला तेव्हा मी पुढे गेलो आणि माझं वय मागे चौकात राहिलं. मी आरशात बघितलं, ते हात करून थांब थांब म्हणत होतं. गुडघे? कोणाचे गुडघे? छत उघडं होतं, वारा नाकातोंडात जात होता, आणि मला एक विचित्र आवाज ऐकू यायला लागला. ऊं-हूं-हूं-हा! मला वाटलं, इंजिनात बिघाड. मग कळलं, मीच हसतोय.

"काका, तोंड मिटा!" शेजारी बसलेला डॉक्टर ओरडला.

उशीर झाला होता. कॅप निघाली. दोघांनीही ती जाताना बघितली. पुढे समोरून येणाऱ्या ट्रकच्या काचेवर ती टण्णकन आपटली आणि ट्रकवाल्याने उत्तरादाखल भोंगा वाजवला.

आम्ही परत दवाखान्यात येऊन बसलो तेव्हा माझे गाल दुखत होते. इतकी वर्षं न वापरलेला भाग तो. डॉक्टरने हात चोळले. "बोला काका. साडेसहा म्हणतो मी. जुळ्यांच्या खाटा घ्यायच्यात, मोठी गाडी घ्यायचीय, फार ताणणार नाही."

साडेसहा! हिने सांगितलेला आकडा, बरोब्बर. कुठल्याही शहाण्या माणसाने हात पुढे केला असता आणि घरी जाऊन सहीसाठी पेन शोधलं असतं.

पण माझ्यासमोर कोणी चुकीचा आकडा बोललं की माझ्या कानशिलाची शीर उडते. धंद्याची खोड. साडेसहा! ह्या गाडीला!

"साडेसहा कसे, डॉक्टर?" मी म्हणालो.

"बरं, सव्वासहा—"

"सव्वासहा? अहो तुम्ही इंजिन ऐकलंय का कधी? हे इंजिन अजून शाळेत जाणारं आहे. टायर बघा. आतलं चामडं बघा, कुठे सुरकुती आहे का? आपल्या दोघांच्या तोंडावर आहेत तितक्या सोडा, एकसुद्धा नाही."

"मग... सात?"

"सात!" माझा आवाज चढला. दाताच्या फटीतून शिट्टी वाजत होती तरी मी थांबेना. "सात म्हणजे अपमान आहे. असं कोणी सात म्हणालं तर त्याला दारातून परत पाठवा. मी चाळीस वर्षं हेच केलं, मला सांगता? आठ! आठच्या खाली एक दमडी नाही!" आणि मी टेबलावर अशी मूठ आपटली की प्लास्टरच्या दोन कवळ्या एकमेकींवर आपटल्या.

डॉक्टरने दोन्ही कवळ्या सरळ करून ठेवल्या. "आठ?" तो हळूच म्हणाला. "नक्की?"

"माझा आकडा आजवर चुकला नाही."

"मग काढा आठ."

माझी मूठ टेबलावरच होती. ती उचलायची कशी ते मला कळेना. "माझ्याकडे सात आहेत," मी म्हणालो. "तेही खेचून."

"पण सात म्हणजे अपमान ना?"

"हो."

"सात म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवू ना?"

"पाठवा," मी म्हणालो. आणि दारातून परत आलो.

घरी बायकोने माझ्या तोंडाकडे बघितलं. "दात कुठाय?"

"मजेत गेला."

"आणि गाडी?"

मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं, मुठीसकट. ती हसेल म्हणून मी तयारीत होतो, पण ती हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. "म्हणजे तो कमी मागत होता," ती सावकाश म्हणाली, "आणि तुम्ही भांडून जास्त मागितलं. स्वतःकडून."

"योग्य किंमत होती ती."

"बरं," ती म्हणाली आणि चष्मा पुसायलासुद्धा घेतला नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. टकटकने तर भेटेल त्याला सांगितलं, की भाव करायचा असेल तर आमच्या ह्याला न्या, विकणाऱ्याच्या बाजूने. भाजीवाला मला बघून तराजू लपवायला लागला, मी भाव वाढवून देईन आणि बाकीची गिऱ्हाइकं पळतील म्हणून. मी रोज काहीतरी निमित्त काढून दवाखान्यावरून जायचो. पिवळी तिथेच. काचेला कागद चिकटवलेला, त्यावर माझाच आकडा. आठ. खाली लिहिलेलं, 'जाणकाराने ठरवलेली किंमत.' गुडघे तर रोज कुरकुरून आठवण द्यायचे. जिना उतरताना एकेक पायरीवर मी थांबायचो आणि मला ती बैठक आठवायची, दीड वीत खालची. दोन वर्षांतले दिवस आता त्या कागदाकडे नुसतं बघण्यातच गळत होते.

पक्की कॅप आली म्हणून डॉक्टरने बोलावलं. ही म्हणाली, मी पण येते, तुम्हाला एकट्याला सोडलं तर पक्क्या कॅपचा भाव वाढवून याल. वाटेत टकटक भेटला, तोही निघाला. तमाशाला नाही म्हणणारा माणूस नाही तो.

डॉक्टरने कॅप बसवली आणि मग खुर्चीशेजारच्या स्टुलावर मटकन बसला. त्याच्या डोळ्यांखालचं काळं आणखी खाली उतरलं होतं. "काका, तुमच्या आकड्याने मला मारलं," तो म्हणाला. "लोक येतात, गाडीभोवती फिरतात, आठ ऐकतात आणि हसतात. एक माणूस तर हसत हसत फाटकापर्यंत गेला आणि परत येऊन पुन्हा ऐकून गेला. घरी बायको बोलत नाही. तुमचं चुकलंय काहीतरी."

"माझं चुकत नाही," मी म्हणालो.

"बघू की," टकटक म्हणाला आणि बाहेर गेला.

आम्ही तिघे मागे गेलो. टकटकने गाडीला प्रदक्षिणा घातली, मग मांडी घालून सरळ जमिनीवर बसला. त्याचे गुडघे अजून त्याचे आहेत. पुढून सुरुवात केली. टक. टक. टक. टणक, भरीव आवाज. मी मान उंच केली. उजवं दार, टक. मागची बाजू, टक. मग तो सरकत सरकत डाव्या दाराशी आला, खालच्या कडेला.

भद.

त्याने माझ्याकडे बघितलं. पुन्हा ठोकलं. भद.

"पुटी," तो म्हणाला. "खड्डा भरून वरून रंग मारलाय. चांगला हातभर. दार कुठेतरी जोरात घासलंय."

"शक्यच नाही," डॉक्टर म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "मी परगावी गेलो होतो तेव्हा गाडी आठवडाभर धुवायला दिली म्हणाली होती बायको... आठवडाभर!" त्याने खाली बसून दारावरून बोट फिरवलं. "भरलेला दात मला चार फुटांवरून कळतो. आणि हे रोज उघडत होतो मी."

पण माझ्याकडे कोणी बघू नये असं मला वाटत होतं, आणि तिघेही माझ्याकडेच बघत होते. पुटीचं दार! कामाच्या पहिल्या आठवड्यात शिकाऊ पोरं ओळखतात ते. माझे कान तापले. नव्या कॅपवरून जीभ फिरवत मी उभा राहिलो.

"भाऊजी," ही टकटकला म्हणाली, "ह्यांनी कधी असं दार चुकवलंय?"

"कधीच नाही वहिनी. झोपेत पण नाही."

"मग हे कसं चुकलं?"

टकटकने हात झटकले आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसला. "आत बसलास ना आधी?"

मी मान खाली घातली. खाली डोळ्यांसमोर तेच दार होतं. आता मला पुटी दिसतसुद्धा होती. सूर्यप्रकाशात रंग जरा वेगळा, कडेला बारीक लाट. इतकी स्वच्छ की आंधळ्याने हात लावून सांगितली असती.

"तुमचा आकडा काय, भाऊजी?" हिने विचारलं.

"बाहेरून? सहा. त्यावर नाही."

"आणि ह्यांचा आतून आठ." आता तिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. आम्ही सगळे हात बांधून उभे. डॉक्टरसुद्धा. इस्पितळातले सर्जन असेच उभे राहत असतील. "म्हणजे आत बसल्यावर ह्यांना ती दोनने जास्त वाटली."

"मूर्खपणा झाला," मी म्हणालो. "मान्य आहे."

"गप्प बसा. मी तुम्हाला मजेचा आकडा मागितला होता, तो आला. घसारा वर्षाला किती म्हणालात?"

"अर्धा."

"दोनात चार वर्षांचा घसारा बसतो. गुडघ्यांचे डॉक्टर किती वर्षं म्हणाले?"

"दोन."

"मग दोन वर्षांचा उरतोच की, मजा जास्त निघाली," ती म्हणाली. चष्मा घातला आणि डॉक्टरकडे वळली. "सहा. आणि दाराबद्दल तुमच्या बायकोला काही बोलायचं नाही. पदरात जुळं असताना खांबाला घासणारच कोणीही."

डॉक्टरने हो म्हणायच्या आधी मी तोंड उघडलं. सवय! "पण सहा म्हणजे थोडे कमीच—" एवढंच म्हणालो, तर टकटकने जमिनीवर बसल्या बसल्या माझ्या घोट्यावर असं पेर मारलं की वाक्य तिथेच राहिलं.

सह्या झाल्या. दोन्ही. गाडी घ्यायला गेलो त्या दुपारी ऊन कोवळं होतं. ही केसांना रुमाल बांधून शेजारी बसली. बसली म्हणजे आधी पिशवी बसवली, मग स्वतः. टकटक मागून स्कूटरवर. निघताना डॉक्टर आपल्या नव्या, घरासारख्या उंच गाडीतून दोन्ही मुलं दोन बाजूंना घेऊन बघत होता. त्याने हात केला. तो खूष होता की रडत होता ते इतक्या खालून मला दिसलं नाही.

अर्ध्या रस्त्यापर्यंत ही नुसती समोर बघत होती. दोन्ही हातांनी पिशवी धरून ताठ. मला वाटलं, आता हिशोब चाललाय. मग म्हणाली, "अहो."

"काय?"

"ही एवढीच चालते का?"

मी पाय दाबला.

घरासमोर गाडी उभी केली तेव्हा तिच्या रुमालाची गाठ सुटून तो मागे कुठे गेला होता कोण जाणे. शेजारच्या खिडक्यांत डोकी जमली होती. टकटक स्कूटर लावून आला. मी मोठ्या रुबाबात दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि उठलो.

म्हणजे उठायचं ठरवलं. वरच्या अर्ध्या मला ते कळलं, खालच्या अर्ध्याने ऐकलं नाही. दाराला धरलं, छताला धरायला गेलो तर छत दुमडलेलं. पुन्हा प्रयत्न केला. गुडघ्यांनी दोनदा आवाज दिला आणि मी होतो तिथेच परत आलो. खिडकीतून कोणीतरी विचारलं, "काका, मदत पाठवू का?"

"तू उतर आधी," मी हिला म्हणालो. "मग मला ओढ."

ती पलीकडे वळली, हलली, थांबली. पुन्हा हलली. मग पिशवी मांडीवर घेऊन समोर बघत बसली. "माझी कंबर," ती म्हणाली. आणि खांदे हलायला लागले तिचे. मला वाटलं, रडते की काय. वाकून बघितलं तर ही बाई आवाज न करता अशी हसत होती की डोळ्यांतून पाणी. इतक्या वर्षांच्या संसारात मी हिला असं बघितलं नव्हतं.

टकटक वाकला, आत हात घालून त्याने माझ्या गुडघ्यावर पेर आपटलं. कान लावून ऐकलं. "पुटी," तो म्हणाला. "थांब, दोन पोरं बोलावतो, उचलून काढू तुम्हाला."

"नको भाऊजी," ही डोळे पुसत म्हणाली. "आत्ता काही उतरायला जमत नाही, तर निदान बसून राहू नका. चला हो. आणखी एक चक्कर मारा."

मी पाय आत घेतला. तेवढं जमलं. किल्ली फिरवली, आमच्या गच्चीवर पारवे होते तेही उडाले. छत उघडं होतं आणि कॅप नवी, म्हणून मी ओठ घट्ट मिटले. पहिल्या वळणापर्यंत मिटलेलेच होते.